दुसरी रांग

सात वर्षं मी उंदरांच्या नोकरीत काढली म्हटलं की आमच्याकडच्या बायका अजून नाक मुरडतात. मुरडू देत. त्या सात वर्षांत मला डोमाजी भेटले, आणि त्यांच्या जोडीने मी एका आईशी खोटं बोलले. ती आई म्हणजे त्यांचीच लेक. तिच्या चार दिवसांच्या पोरीचा जीव वाचावा म्हणून डोमाजींनी जे केलं ते बरोबर की चूक, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आता सत्तरीतही येत नाही. लिहून तरी काढते.

बालाघाटला, धानाच्या गोदामांच्या मागे, एका लांब पत्र्याच्या खोलीत आमचं आहार तपासणीचं केंद्र होतं. नाव मोठं आणि कारभार एवढासा. एक साहेब, एक मी, एक डोमाजी आणि दोन-अडीचशे पांढरे उंदीर. कुठल्या खाण्यावर माद्या किती वेळा वितात, किती पिल्लं होतात, त्यातली किती जगतात, एवढंच पाहायचं. मी नागपूरहून आलेली, तिशीची, बिनलग्नाची. वजनं घ्यायची आणि वहीत लिहायची हे माझं काम. डोमाजी पन्नाशी ओलांडलेले, हट्टा गावाकडच्या शेतकरी घरातले. खाणं, पाणी, पिंजरे, बाळंतपणं सगळं त्यांच्याकडे.

पिंजऱ्यात हात घालायच्या आधी ते दोन्ही तळवे त्याच पिंजऱ्यातल्या धानाच्या भुशात चोळायचे. हाताला माणसाचा वास राहिला तर आई पिल्लाला टाकते, कधी खातेही. प्रत्येक पिंजऱ्याला वेगळे हात, असं ते म्हणायचे. मी एकदा चमेलीचं तेल लावून आले तर मला दारातच अडवलं. ‘बाई, डोकं धुऊन या. आत तीन बाळंतिणी हायेत.’ भर डिसेंबरात मी नळाखाली डोकं धुतलं! वर त्यांनी मला वाळायला उन्हात बसवलं आणि साहेबांना सांगितलं की बाई कामात आहेत.

मादीला ते ‘बाई’ म्हणायचे आणि मलाही ‘बाई’च. ‘काहून बाई, आज काही खाल्लं नाही तुम्ही?’ असा आवाज मागून आला की मी वळून उत्तर द्यायला जायची, आणि हे पिंजऱ्याशी वाकून बोलत असायचे. पहिले सहा महिने मी रोज फसले.

लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायचे. मी वहीत मांडत असताना माझ्या खांद्याशी उभे राहायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे: ‘लिहा बाई, जसं हाय तसं.’ एकदा वरचे पाहुणे यायचे होते म्हणून साहेबांनी एका मादीची सात पिल्लं नऊ करायला सांगितली. डोमाजींनी तो पिंजराच उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘मोजून घ्या जी.’ साहेबांनी कप्पाळ मोजलं! सात ती सातच राहिली.

हे साहेब दक्षिणेकडचे होते, हुशार आणि मनाने वाईट नव्हते. त्यांना दोन रांगा लावायच्या होत्या. पहिल्या रांगेतल्या उंदरांना गहू, चणे, दुधाची भुकटी, भुईमुगाची ढेप आणि थोडं माशाचं तेल. दुसऱ्या रांगेला या जिल्ह्यातला साधा माणूस जे खातो ते. आता साधा माणूस काय खातो हे शोधायला साहेब कुठे जाणार? त्यांनी डोमाजींना खुर्चीवर बसवलं. ‘डोमाजी, घर में क्या खाते हो, सच सच बताओ.’

डोमाजी खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि मोठ्या मानाने सांगू लागले. ‘भात जी. मिलचा, पांढरा. लाखोळीचं वरन. मीठ. मिरची. अंबाडीची भाजी, झाली तं. सणावारी तेलाचं काही.’ लाखोळी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात स्वस्त डाळ; चांगल्या घरचे ती गुरांना घालतात. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. किती वेळा, किती मूठ, तेही विचारलं.

सोमवारी दुसऱ्या रांगेची पोती आली. डोमाजींनी एक तोंड सोडलं, हात घालून पाहिलं आणि हसायला लागले. ‘बाई, हे तं आमच्याच घरचं हाय!’ तेव्हापासून त्या रांगेला ते ‘आमची रांग’ म्हणायचे. ‘आमच्या रांगेत आज एक व्याली’ वगैरे. हसायचे महिने दोन-तीनच होते. मग वही भरत गेली. दुसऱ्या रांगेतल्या माद्या उशिरा गाभण राहायच्या, काही राहायच्याच नाहीत. पिल्लं चार, पाच, तीही हलकी. पान्हा पुरायचा नाही. सकाळी पाहावं तर त्यातली एक-दोन आईनेच खाल्लेली. शेजारी पहिल्या रांगेत एकेकीला दहा-दहा पिल्लं लोळत असायची.

अशा वेळी डोमाजी एक काम करायचे ते दुसऱ्या कुणाला साधलं नाही. दुसऱ्या रांगेतलं मरायला टेकलेलं पिल्लू उचलायचं, पहिल्या रांगेत जिचं एखादं पिल्लू नुकतंच मेलंय अशी आई शोधायची, त्या मेलेल्या पिल्लाच्या जागचा भुसा या पिल्लाच्या अंगाला चोळायचा आणि हळूच तिच्या पोटाशी सारायचं. ती हुंगायची, उलटंपालटं करायची, मग पोटाखाली ओढून घ्यायची. साहेबांच्या तपासणीत हे बसत नव्हतं, म्हणून मी ते वेगळ्या पानावर लिहायची. दहातलं एखादंच फसायचं.

एक दिवस भुसा झाडता झाडता त्यांनी विचारलं, ‘बाई, हे माणसाले लागू हाय का?’

मी नोकरीतलं उत्तर दिलं. ‘उंदीर वेगळे, डोमाजी. माणूस वेगळा.’

‘हौ,’ म्हणाले, आणि झाडत राहिले.

त्यांची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, पोटातल्या लेकरासकट. मागे एकच लेक, अनुसया. घरात विधवा थोरली बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणायचे. अनुसयाचं लग्न हट्ट्यापलीकडे झालं होतं. ती पहिल्या खेपेला माहेरी आली त्या साली पावसाने दडी मारली होती आणि धान अर्धंही हाती लागलं नव्हतं. त्यात आत्याबाईंचा जुना नेम: पोटुशीने कमी खायचं. जास्त खाल्लं की पोर मोठं होतं आणि बाई अडते. आमच्या आजीचंही तेच म्हणणं असायचं, त्यामुळे आत्याबाईंना एकटीला दोष देत नाही मी.

डोमाजींनी मात्र आकाशपाताळ एक केलं. घाण्यावरून भुईमुगाची ढेप आणली, कुटून भाकरीत घाला म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, ‘ढेप गायीले घालतेत. पोरीले घालशीन तं गाव थुंकन.’ अनुसया हसली. तिला बाप उंदरांच्या नादी लागून चक्रम झालाय असंच वाटायचं. केंद्रातल्या पोत्यातलं चिमूटभर पीठ डोमाजींनी कधी घरी नेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. नेलं असतं तर मीच डोळे मिटले असते.

जुळं झालं. मुलगा आणि मुलगी. दोन्ही एवढीएवढीशी. अनुसयाला दुसऱ्या दिवशी ताप भरला तो उतरेना. दूध थेंबथेंब. आत्याबाई आधी मुलाला लावायच्या आणि उरलं तर मुलीला, आणि उरायचंच नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईने डब्याचं दूध सांगितलं. ते पुरवून पुरवून इतकं पातळ केलं की पोरीला हगवण लागली.

चौथ्या दिवशी सकाळी डोमाजी कामावर आले ते कडेला टोपली धरून. धान्याच्या तराजूपाशी गेले, एका पारड्यात दीड किलोचं वजन घातलं, दुसऱ्यात फडक्यासकट पोरगी ठेवली. वजनाचं पारडं खालीच राहिलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘बाई, आमच्या रांगेतलं हाय हे. दोन दिवस जाईन फार तं.’

राईस मिलमध्ये कोंडा पाखडणाऱ्या बायकांत पंचफुला नावाची एक होती. आम्ही भुसा तिथूनच आणायचो. तिची आठ दिवसांची मुलगी त्याच आठवड्यात गेली होती. चोळी दुधाने भिजते आणि ती भिंतीशी बसून असते, असं मिलमधल्या बायकांनी सांगितलं होतं. नवरा भरवेलीच्या खाणीत होता. घर बौद्ध वस्तीत. डोमाजी कुणबी. त्या काळी त्यांच्या घरी तिकडचं पाणीसुद्धा चालत नव्हतं, तर दूध! आत्याबाईंना कळलं असतं तर त्यांनी पोरीला घरात घेतली नसती.

‘तुम्ही चला संगं,’ डोमाजी म्हणाले. ‘बाईमाणूस पायजे.’

गेले. सायकलरिक्षात पोरगी माझ्या मांडीवर होती. वाटेत मिलच्या दारात डोमाजी उतरले, एका म्हातारीकडून काहीतरी घेऊन आले आणि पोरीचं फडकं बदललं. मी विचारलं नाही. मला वाटलं, स्वच्छ फडकं मागितलं असेल. विचारायला हवं होतं, पण तेवढी अक्कल मला नव्हती.

पंचफुला खरंच भिंतीशी बसली होती. विशी-बाविशीची असेल. मी सगळं सांगितलं. तिने मान हलवली, ना होकाराची, ना नकाराची. मग डोमाजींनी पोरगी तिच्या मांडीवर ठेवली. तिने खाली पाहिलं, वाकली, आणि फडक्याला नाक लावलं.

देवा, तो आवाज. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही.

‘हे माह्या पोरीचं व्हय! हे तुमच्यापाशी कुठून आलं? माह्या पोरीचं फडकं हे!’

डोमाजींना खोटं बोलता येत नव्हतं. गडबडले, आणि सगळं खरं सांगून बसले. तुझ्या पोरीला न्हाऊ घालणाऱ्या मिलमधल्या म्हातारीकडून फडकं मागून घेतलं, पिल्लाला दुसऱ्या आईचा, तिच्या मेलेल्या पिल्लाचा वास लावला की ती घेते, आमच्याकडे असंच करतात, दहातलं एखादंच फसतं. ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर शेजारणी जमल्या. पंचफुला ताडकन उठली. पोरगी एका हातात, दुसऱ्या हाताने डोमाजींना मारत सुटली. छातीवर, खांद्यावर, तोंडावर. ‘उंदरीण हाव का मी? उंदरीण समजला मले?’ डोमाजी हात खाली सोडून उभे होते. बाजूलाही झाले नाहीत.

या सगळ्यात पोरगी रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा जरा जोरात रडली असेल. पंचफुलाची चोळी माझ्यादेखत ओली झाली. ती शिव्या देत देतच खाली बसली, डोमाजींकडे पाठ केली आणि पोरीला घेतलं. पाजत होती आणि शिव्या देत होती. दोन्ही बराच वेळ चाललं. शेजारणी निघून गेल्या.

शेवटी ती म्हणाली, ‘ठेवतो मी इले. पण देतो तं पुरी देऊन टाका. पाजून, वाढवून परत द्याले मी काही गाय नोहो. माह्या उंबऱ्यात पाय नोका ठेवू पुन्हा. इचं कोणी नाही, असं समजून जा.’

मी डोमाजींना अंगणात ओढलं. म्हटलं, अनुसयाला विचारल्याशिवाय असं कसं करता? आई आहे ती. तापात आहे, पण जिवंत आहे.

‘विचारलं तं ते नाही म्हणन,’ डोमाजी म्हणाले. त्यांच्या गालावर बोटं उमटली होती. ‘अन् हिची अट मोडली तं हे नाही पाजनार. मंग कोणाचीच नाही राहनार पोरगी.’

पुन्हा दाराशी गेले, उंबऱ्याबाहेरूनच वाकून नमस्कार केला आणि चालू लागले. घरी जाऊन सांगितलं की पोरगी दवाखान्याच्या वाटेतच गेली, वैनगंगेच्या काठी मातीत ठेवून आलो. आत्याबाई म्हणाल्या, सुटली बिचारी. बाकी कोणी काही विचारलं नाही. सासरच्यांनीही नाही, त्यांचा मुलगा होता ना शाबूत.

विचारलं ते अनुसयाने. तीन आठवड्यांनी तिचा ताप उतरला तेव्हा मी भेटायला गेले. मुलगा मांडीवर होता. तिने आत्याबाई बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि माझा हात धरला. ‘बाई, तुम्ही होत्या ना संगं? रडली का वो ते?’

मी म्हटलं, ‘नाही गं. झोपेतच गेली.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली, आणि माझा हात सोडला नाही.

त्यानंतर दर आयतवारी मी पंचफुलाकडे जायची; तिची अट डोमाजींच्या घराला होती, मला ती येऊ द्यायची. डोमाजी चणे, गूळ, तीळ बांधून द्यायचे, आणि मी ते माझं म्हणून द्यायची. सोमवारी ते विचारायचे, ‘वजन?’ मी म्हणायची, भरलीय. ‘दात?’ आला एक. ‘चालते?’ धरून धरून. यापलीकडे एक शब्द नाही. पोरीचं नाव काय ठेवलं हेही विचारलं नाही. वहीत लिहिताना मात्र माझ्या खांद्याशी येऊन उभं राहणं त्यांनी बंद केलं. आकडे सांगायचे आणि तिकडे निघून जायचे. मला वाटायचं आता मी चुकीचं लिहिलं तरी यांना चालेल, आणि त्याची मला फार भीती वाटायची.

दीड वर्षाचा होऊन अनुसयाचा मुलगा हगवणीने गेला. ती माहेरी आली आणि खाटेवर पडली ती उठेना. जेवेना. डोमाजी सकाळी कामावर येऊन पिंजऱ्यांपुढे नुसते उभे राहायचे. मला राहवलं नाही.

‘सांगा आता तिला,’ मी म्हटलं. ‘दोन कोसांवर तिची लेक खेळतेय आणि ती इथे मरायला टेकलीय. सांगा, नाहीतर मी सांगते.’

‘काय सांगू? पंचफुलाच्या मांडीवरून उचलून आनू? तिचं एक गेलंच हाय.’

‘आणि अनुसयाची दोन गेली!’

‘परत आनली तं कुठं आनू, बाई? त्याच घरी ना? तोच भात, तेच वरन. पुन्हा आमच्याच रांगेत?’

मी चिडले. उंदरांच्या खोलीत ओरडू नये हे विसरून ओरडले. ‘माणसं काय उंदीर आहेत, डोमाजी? रांगा कसल्या लावता?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. ‘तुम्ही म्हनाल्या होत्या बाई, वेगळे रायतेत म्हून. मी पाहून राह्यलो इतके दिवस. मले नाही दिसले वेगळे.’

मी सांगितलं नाही. का नाही, याचं उत्तर देता येत नाही मला. पंचफुलाची भीती होती, पोरीची काळजी होती, आणि स्वतःचं खोटं उघडं पडण्याची लाज होती. यातलं किती काय होतं ते मला मोजता येत नाही. अनुसया दोन महिन्यांनी उठली आणि सासरी गेली. तिला पुढे मूल झालं नाही.

साहेबांची बदली झाली, अहवाल कुठल्याशा कपाटात गेला, केंद्र बंद झालं. उंदीर कॉलेजला दिले. मी नागपूरला परतले. पंचफुलाच्या नवऱ्याला भरवेलीला खाणीची खोली मिळाली आणि ती तिकडे गेली, एवढं कळलं होतं.

सात-आठ वर्षांनी जुन्या कागदांवर सह्या हव्या म्हणून मला बालाघाटला जावं लागलं. काम आटोपून बाजारातून स्टेशनकडे निघाले, तर बांगड्यांच्या दुकानापाशी डोमाजी. खूप वाळले होते. सोबत अनुसया होती, डॉक्टरला दाखवायला वडिलांना घेऊन आलेली. आम्ही दोन शब्द बोललो असू नसू, तेवढ्यात समोरून पंचफुला आली. हाताशी दोन वेण्यांची, लाल रिबिनींची, भरल्या अंगाची पोरगी. पंचफुलाने आधी मला ओळखलं, मग डोमाजींना, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पोरीने तिचा हात सोडून पुढे धाव घेतली आणि आमच्या अगदी पुढ्यात तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

‘थांब व माय, पडशीन,’ म्हणत अनुसया खाली बसली. बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली. पोरीचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि चपलेचा अंगठा सावकाश टाचायला लागली. पोरगी तिच्या खांद्यावर हात टेकून उभी होती. डोमाजींनी माझ्या दंडाला धरलं. त्यांची बोटं मला अजून जाणवतात.

अनुसयाने पिन नीट बसली का पाहिलं, पाय खाली ठेवला आणि मान वर करून पंचफुलाला विचारलं, ‘तुमची का वो ही?’

पंचफुलाने पुढे येऊन पोरीचा हात धरला आणि डोमाजींकडे पाहिलं.

‘हौ,’ डोमाजी म्हणाले. ‘त्याइचीच हाय.’